कुंचला आणि ओळंबा : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात वास्तुकार झाहा हदीद यांच्यावर अर्ध्या पानाचे टिपण छापले होते. पदवी मिळाल्यानंतर कित्येक वर्षे त्यांची एकही मोठी इमारत उभी राहिली नव्हती आणि त्या काळात रंगवलेली चित्रे हेच त्यांचे मुख्य काम होते, असे त्यात म्हटले होते. त्या एका विधानावर बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार येथे घेत आहे.

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत शिकते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षांत तिला 'अ' श्रेणी मिळाली असून तिला आर्किटेक्ट व्हायचे आहे. आमच्या नात्यातील एक इंजिनिअर म्हणतात की आता सगळे कॉम्प्युटरवर होते, हाताने चित्र काढत बसणे म्हणजे वेळ घालवणे. आपल्या टिपणात मात्र त्या बाईंनी चित्रांतून इमारती शोधल्या, असे लिहिले आहे. चित्रातून इमारत शोधणे म्हणजे नेमके काय?
— एक शेतकरी पालक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या नातेवाइकांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. मंजुरीसाठी द्यायचे नकाशे, लोखंडाचा हिशेब, दारे-खिडक्यांची यादी ही कामे आज संगणकावरच होतात आणि ती तशीच व्हावीत, कारण तेथे निर्णय आधी झालेला असतो आणि चित्र तो फक्त नोंदवून ठेवते. परंतु निर्णय होण्यापूर्वीही एक चित्र असते. भावाभावांत शेताची वाटणी ठरू लागते तेव्हा कोणीतरी काडी घेऊन धुळीत रेघ ओढतो, विहीर सगळी एकाच बाजूला गेली म्हणून ती पुसतो, धुरा जरा तिरपा नेऊन पाहतो, आणि चार वेळा पुसल्यानंतर सर्वांना पटेल अशी रेघ सापडते. मोजणीचा नकाशा त्यानंतर येतो. ती धुळीतली रेघ ओढली जात असताना वाटणी ठरलेली नसते, ती रेघेतच ठरत जाते. प्रयोगशील आधुनिक वास्तुकारांनी चित्रकलेचा जो उपयोग करून घेतला, तो या जातीचा होता.

हदीद यांचा जन्म १९५० साली बगदादमध्ये झाला. बैरूतमध्ये गणित शिकून त्या १९७२ साली लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशन या शाळेत दाखल झाल्या. तेथील शेवटच्या टप्प्यातील प्रकल्पासाठी त्यांनी काझिमिर मालेविच या रशियन चित्रकाराचा आधार घेतला. मालेविच यांनी १९१५ साली पेट्रोग्राडच्या एका प्रदर्शनात पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा काळा चौकोन मांडला होता, आणि तोही खोलीच्या वरच्या कोपऱ्यात, जेथे रशियन घरांत देवाची तसबीर लावलेली असते. त्यांच्या चित्रांतले चौकोन आणि पट्ट्या वर-खाली, डावे-उजवे असा कोणताही आधार न घेता रिकाम्या जागेत तरंगतात. १९२० च्या दशकात त्यांनी अशाच आकारांचे प्लास्टरचे ठोकळे एकमेकांना जोडून मांडले आणि त्यांना 'आर्किटेक्टॉन' हे नाव दिले. त्यांना दार नव्हते, जिना नव्हता, त्यांत कोणी राहायचेही नव्हते. हदीद यांनी असा एक आर्किटेक्टॉन घेऊन तो थेम्स नदीवरील हंगरफोर्ड पुलावर हॉटेल म्हणून ठेवला आणि ती सगळी कल्पना कॅनव्हासवर रंगवून दाखवली.

आता हे नेहमीच्या नकाशाने का साधले नसते, हे समजून घ्यायला हवे. टी-स्क्वेअर आणि गुण्या हातात घेतले की समांतर आणि काटकोनातल्या रेघा आपोआप येतात, तिरपी रेघ मात्र मुद्दाम आणावी लागते. म्हणजे कोणती भिंत सुचणार हे काही अंशी हत्यारच ठरवते. हदीद यांनी ते हत्यार बाजूला ठेवले. १९८३ साली हाँगकाँगच्या डोंगरावरील एका क्लबची स्पर्धा त्यांनी जिंकली, त्या प्रकल्पाच्या चित्रांत डोंगर आणि इमारत दोन्ही दगडाच्या कपच्यांसारखी दिसतात आणि एकाच चित्रात तीन-चार ठिकाणांहून पाहिल्याचा भास होतो. तो क्लब बांधला गेला नाही.

बांधले गेले ते जर्मनीतील व्हाइल आम ऱ्हाइन येथील अग्निशमन केंद्र. व्हिट्रा या फर्निचर कंपनीच्या कारखान्याचा मोठा भाग १९८१ साली आगीत जळाला होता. त्यानंतर कारखान्याला स्वतःचे केंद्र हवे होते आणि ते १९९३ साली पूर्ण झाले. कारखान्याला लागून शेते आणि द्राक्षमळे आहेत. त्यांच्या बांधांच्या रेघा हदीद यांनी कारखान्याच्या आवारात ओढून आणल्या आणि इमारतीच्या लांबच लांब भिंती त्या रेघांवर बसवल्या. ज्याने धुऱ्यावर उभे राहून शेजारच्या शेतातल्या नांगराच्या तासांकडे पाहिले आहे, त्याला हे समजायला कोणत्याही आर्किटेक्टपेक्षा कमी वेळ लागेल. भिंती जागेवर ओतलेल्या काँक्रीटच्या आहेत, काही कललेल्या आहेत, आणि त्यांच्या कडा चित्रातल्या रेघेइतक्या धारदार ठेवलेल्या आहेत. पुढे तेथील अग्निशमनाची व्यवस्था बदलली आणि आज ती जागा प्रदर्शनांसाठी वापरली जाते. बंब ठेवायला एवढे नाट्य कशाला, असे कोणी विचारले तर मी त्याला वेड्यात काढणार नाही.

संगणकाविषयी एक उदाहरण पुरेसे आहे. वास्तुकार फ्रँक गेरी यांचे स्पेनमधील बिल्बाओ येथील गुगेनहाइम संग्रहालय १९९७ साली उघडले. पेनाने काढलेल्या, लहान मुलाच्या गिरगोट्यासारख्या रेघांपासून त्याची सुरुवात झाली, त्यांवरून कागद-लाकडाच्या प्रतिकृती झाल्या आणि त्यानंतर त्या प्रतिकृतींचे वळण मोजून फ्रान्समध्ये विमानांच्या आरेखनासाठी तयार झालेल्या संगणक-प्रणालीत घातले गेले. संगणक आला तो तिसऱ्या पायरीवर, आणि तेथे त्याच्यावाचून काम झालेच नसते.

मी स्वतः ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगच्या पेनाने शिकलो. रेघ चुकली तर शाई ब्लेडने खरवडायची आणि त्याच जागी दुसऱ्यांदा खरवडले की कागदाला भोक पडायचे, त्यामुळे रेघ ओढण्यापूर्वी विचार करण्याची सवय लागली. त्या काळाचे मी फार कौतुक करणार नाही. आमच्या अर्ध्या रात्री अक्षरे लिहिण्यात गेल्या. मुलीला संगणक महाविद्यालयात शिकवतीलच. प्रवेश परीक्षेत आजही रेखाटनाचा भाग असतो, त्यासाठी आणि त्यापलीकडेही तिला घरचा गोठा, गावची विहीर, धाब्याच्या घराची ओसरी रोज काढू द्या, आणि कधीतरी त्याच गोठ्याचे चित्र बैलाच्या जागेवर बसून काढायला सांगा.

प्रश्न : मी चित्रकला शिक्षक आहे. मॉन्ड्रियान यांची लाल-पिवळ्या-निळ्या चौकोनांची चित्रे मुलांना दाखवली, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, घराला असा रंग मारला की ते आधुनिक घर होते का?" मला त्याला नीट उत्तर देता आले नाही.
— एक शिक्षक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : होत नाही, आणि का होत नाही हे सांगताना त्या मुलाला रंगाआधी भिंतीकडे पाहायला लावावे लागेल.

हॉलंडमध्ये १९१७ साली थेओ व्हान डूसबर्ग या चित्रकाराने 'डी स्टाइल' नावाचे मासिक सुरू केले आणि मॉन्ड्रियान त्या गटात होते. त्यांच्या चित्रांत वस्तू नाही, मागची बाजू नाही, छाया नाही. सगळे पृष्ठभाग सारख्याच योग्यतेचे आहेत आणि कोणताही चौकोन दुसऱ्याला कोंडून ठेवत नाही. व्हान डूसबर्ग यांना पडलेला प्रश्न असा, की भिंत, छत आणि जमीन यांनाही असेच सुटे पृष्ठभाग मानले तर खोली नावाच्या बंद पेटीचे काय होईल? १९२३ साली त्यांनी कॉर्नेलिस व्हान एस्टेरेन या तरुण वास्तुकाराबरोबर पॅरिसमध्ये घरांची चित्रे आणि प्रतिकृती मांडल्या. त्या कामातून निघालेल्या रेखाटनांत घराचे रंगीत पत्रे हवेत एकमेकांशेजारी थांबलेले दिसतात.

या रेखाटनांची पद्धत आपल्या वर्गासाठी महत्त्वाची आहे. यथादर्शनात पाहणाऱ्याचा डोळा एका जागी उभा असतो, रुळांच्या रेघा दूर जाऊन मिळतात आणि जवळची वस्तू मोठी दिसते. इंटरमिजिएटच्या मुलांना आपण घनभूमितीत जी समांतर रेघांची आकृती शिकवतो, तिच्यात रेघा कोठेही मिळत नाहीत, दूरची कड आणि जवळची कड एकाच मापाने मोजता येते आणि घराला 'दर्शनी बाजू' उरत नाही. पंधराव्या शतकापासून यथादर्शनाने वास्तुकारांना दर्शनी भागाचा विचार करायला शिकवले. या दुसऱ्या आकृतीने त्यांना चोहोबाजूंनी आणि वरून एकदम विचार करायला लावले. चित्र काढण्याची रीत बदलली म्हणून घर बदलले, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

ते घर उट्रेख्त शहरात १९२४ साली उभे राहिले. खेरिट रीटफेल्ट हे सुताराचे पुत्र आणि स्वतः फर्निचर बनवणारे. ट्रुस श्रोडर या तीन मुलांच्या विधवा आईने त्यांच्याकडून ते बांधून घेतले आणि त्याच्या मांडणीत स्वतः भाग घेतला. वरच्या मजल्यावरच्या भिंती सरकत्या आहेत, दिवसा त्या बाजूला सारल्या की सगळी जागा एक होते. एका कोपऱ्यावरच्या खिडक्या उघडल्या की कोपराच नाहीसा होतो. बांधकामाच्या नियमांत हे बसेना, म्हणून कागदोपत्री वरचा मजला माळा म्हणून दाखवला गेला, हे वाचून आपल्याकडच्या कोणालाही परके वाटणार नाही. २००० साली या घराचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्याचे लाल-पिवळे-निळे रंग पुसून टाकले तरी हे घर तसेच राहील. चार बंद खोल्यांच्या घराला तेच रंग फासले, तर ते चार बंद खोल्यांचे रंगीत घर होईल.

वर्गात करता येण्याजोगा एक प्रयोग वास्तुकार आणि चित्रकार ल कॉर्ब्युझिए यांच्याकडून घ्यावा. ते सकाळी चित्रे काढीत आणि दुपारी वास्तुरचनेच्या कार्यालयात जात, हा क्रम त्यांनी अनेक वर्षे पाळला. १९१८ साली आमेदे ओझाँफाँ यांच्यासह त्यांनी सुरू केलेल्या 'प्युरिझम' पंथाच्या चित्रांत बाटल्या, पेले, गिटार असतात आणि एका वस्तूची कड हीच पुष्कळदा शेजारच्या वस्तूचीही कड असते. मुलांना गडवा आणि वाटी शेजारी ठेवून दोघांना मिळून एकच रेघ द्यायला सांगावे. दोन खोल्यांमधली भिंत ही अशी दोघांची मिळून एक रेघ असते, हे मग निराळे शिकवावे लागत नाही. फ्रान्समधील राँशां येथील त्यांच्या १९५५ च्या प्रार्थनामंदिराचे फुगीर छत त्यांच्या टेबलावर पडलेल्या खेकड्याच्या कवचावरून सुचलेले होते. ते छत प्रत्यक्षात काँक्रीटच्या दोन पातळ पापुद्र्यांचे आहे आणि मध्ये पोकळी आहे. म्हणजे नुसते बाहेरचे वळण उचललेले नाही, कवच कसे असते हेही त्यांनी पाहिले होते.

प्रश्न : मी तीस वर्षांपासून गवंडीकाम करतो. हल्ली मालक मोबाइलवर फोटो दाखवून "इलेव्हेशन असेच पाहिजे" म्हणतात. त्यात भिंत गोल, छज्जा नागमोडी. चित्र काढणाऱ्याला वीट चौकोनी असते हे माहीत नसते काय?
— एक मिस्त्री, ता. वणी, जि. यवतमाळ

उत्तर : मिस्त्री, आपला प्रश्न शंभर वर्षांपूर्वी जर्मनीतल्या गवंड्यांनाही पडला असला पाहिजे. एरिख मेंडेलसोन हे वास्तुकार पहिल्या महायुद्धात रशियाच्या आघाडीवर सैनिक होते आणि तेथे मिळतील त्या कागदाच्या तुकड्यांवर इमारतींची इवली इवली चित्रे काढीत. दोन-तीन जाड, जोरकस वळणांत संपूर्ण इमारत. त्या चित्रांतून पुढे पॉट्सडॅमचा आइनस्टाइन मनोरा निघाला. ती सूर्याच्या अभ्यासाची वेधशाळा १९२० च्या सुमारास बांधली गेली. ती काँक्रीटमध्ये एकसंध ओतल्यासारखी दिसावी, असे मेंडेलसोन यांच्या मनात होते. पण त्या वळणांचे सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, करणे फार अवघड गेले, युद्धानंतर सामानाचीही ओढ होती, आणि अखेरीस बराच भाग विटेत बांधून त्यावर गिलावा करून वळण काढावे लागले. वीट, काँक्रीट आणि गिलावा वेगवेगळे फुगतात आणि आकसतात. काही वर्षांतच भेगा आणि ओल यांमुळे डागडुजी करावी लागली आणि नंतरही ती वारंवार होत राहिली. वर सांगितलेले उट्रेख्तचे घरही पातळ काँक्रीटचे दिसत असले तरी भिंती विटेच्या, वरून गिलावा केलेल्या आहेत. कागदावरच्या रेघेने पुढे धाव घेतली आणि सामान मागे राहिले, त्याची किंमत गवंड्याने आणि भिंतीने मोजली.

याच्या उलट उदाहरण अहमदाबादेत आहे. बाळकृष्ण दोशी आणि चित्रकार मकबूल फिदा हुसेन (हे मूळचे पंढरपूरचे, उमेदवारीच्या काळात सिनेमाचे फलक रंगवणारे) यांनी १९९० च्या दशकात जमिनीखाली अर्धी गेलेली एक 'गुफा' केली. तिची घुमटाकार छते फेरोसिमेंटची, जेमतेम इंचभर जाडीची आहेत. सळ्या आणि जाळी वाकवून त्यावर सिमेंटचा थर देण्याचे काम साध्या हत्यारांनी मजुरांनी केले, आणि एवढी पातळ कवचे उभी राहतील की नाही हे आधी संगणकावर तपासले गेले. आत एकही खांब ओळंब्यात नाही. येथे वळण आणि सामान यांची जात जुळली, म्हणून ते टिकले.

मोबाइलवरचा फोटो मात्र या दोन्हींत बसत नाही. तो कोणीतरी दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या उन्हाच्या घरासाठी केलेला असतो, आणि ४५ अंशांच्या उन्हात पश्चिमेला काचेची भिंत मागणाऱ्या मालकाला ते कोणीतरी सांगायला हवे. आपण स्वतः पाया आखताना जमिनीवर चुन्याची फक्की मारता, तेव्हा खऱ्या मापाचे चित्रच काढत असता. गोल भिंत हवी असेल तर मालकाला त्या फक्कीत उभे करून पलंग कोठे ठेवणार ते विचारावे. निम्मे गोल तेथेच सरळ होतात.

प्रश्न : हे सगळे परदेशी झाले. चित्रकाराने घराचा विचार केला असे आपल्याकडे, विशेषतः आपल्या भागात, काही घडले आहे काय? मी विद्यार्थ्यांची सहल नेण्याच्या विचारात आहे.
— एक शिक्षिका, ता. सेलू, जि. वर्धा

उत्तर : ताई, आपल्या तालुक्याच्या अगदी शेजारी घडले आहे, पण तेथे येण्यापूर्वी दोन-तीन नावे सांगतो. चित्रकार सतीश गुजराल यांनी वास्तुकलेचे कोणतेही रीतसर शिक्षण न घेता दिल्लीतील बेल्जियमच्या दूतावासाची इमारत रचली. १९८० च्या दशकात पूर्ण झालेली ती लाल विटेची इमारत आतून-बाहेरून एखाद्या शिल्पासारखी घडवलेली आहे. वर उल्लेख केलेले दोशी हे पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्या हाताखाली राहून आले होते, पण पुढे स्वतःच्या इमारतींची चित्रे त्यांनी भारतीय लघुचित्रांच्या रीतीने काढली. त्यांत नकाशा, झाडे, माणसे, प्राणी आणि वेगवेगळ्या वेळी घडणारे प्रसंग एकाच कागदावर येतात, आणि यथादर्शनाचा तो एका जागी खिळलेला डोळा तेथे नसतो. युरोपातील चित्रकारांनी जी गोष्ट मोठ्या खटपटीने मिळवली, ती आपल्या पोथ्यांच्या पानांत आधीपासून होती, हे मला नेहमी गंमतीचे वाटते.

शांतिनिकेतनात सुरेंद्रनाथ कर या चित्रकारानेच रवींद्रनाथांची बरीच घरे रचली. त्यांपैकी 'श्यामली' हे १९३५ चे घर मातीचे, छतासकट मातीचे. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर चित्रकार नंदलाल बोस आणि शिल्पकार रामकिंकर बैज यांच्यासह कलाभवन या तेथील कलाशाळेच्या मंडळींनी मातीतच उठावाची चित्रे केली. हेच नंदलाल बोस पुढच्या वर्षी गांधीजींच्या सांगण्यावरून खानदेशात फैजपूरला आले. डिसेंबर १९३६ चे ते काँग्रेस अधिवेशन खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन होते, आणि त्याचे नगर बांबूसारख्या गावच्या सामानातून उभे करण्यात या चित्रकाराचा मोठा वाटा होता.

त्याच १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला, म्हणजे पुढे सेवाग्राम झालेल्या गावी, राहायला आले. घर गावच्या सामानाचे, गावच्या मजुरांनी बांधलेले आणि थोडक्या खर्चाचे असावे, अशी त्यांची अट होती. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो ती आधी गांधीजींच्या शिष्या मीराबहन यांची झोपडी होती. माती, बांबू, वर कवेलू. ब्रिटिश नौदलातील एका ॲडमिरलच्या या कन्येने कुटीच्या मातीच्या भिंतींवर ताडाची झाडे आणि चरखा उठावात काढलेला आहे. या कुटीला मी प्रयोगशील आधुनिक वास्तू म्हणतो तेव्हा माझे काही व्यावसायिक मित्र हसतात. पण अनावश्यक ते सगळे काढून टाकून उरलेल्या भिंतीला, उजेडाला आणि जमिनीला घर मानणे हाच जर त्या काळच्या युरोपातील प्रयोगाचा गाभा असेल, तर तो प्रयोग येथे शेणामातीत झालेला आहे, आणि त्यातले चित्र भिंतीवर टांगलेले नसून भिंतीच्याच मातीचे आहे.

सहलीला शक्यतो सकाळी लवकर जावे. ऊन तिरपे असताना ओसरीवरच्या सावल्या आणि मातीचे चढ-उतार नीट दिसतात, भर दुपारी भिंत सपाट भासते. मुलांना फोटो काढू देण्यापूर्वी प्रत्येकाला एक कोरा कागद आणि पेन्सिल द्यावी. दारातून आत जाताना मान कोठे वाकवावी लागते, खिडकी बसलेल्या माणसाच्या डोळ्याला येते की उभ्या माणसाच्या, हे त्यांनी चित्रात आधी दाखवावे आणि मोजपट्टी नंतर काढावी. रेखाटने झाल्यावर त्यांतली दोन-चार या सदराकडे पाठवलीत, तर पुढील अंकात अवश्य छापू.